औषधाच्या चौकटीतले टिंब

मित्रांनो, मी एक जुने टिंब आहे. हसू नका! पेनातून सांडलेले किंवा माशीने भिंतीवर ठेवलेले ते मी नव्हे. मी दशांशाचे टिंब आहे. दवाखान्यांच्या एका सॉफ्टवेअरमध्ये औषधाचा डोस लिहायची चौकट असते, तिथे मी राहते. दोन आकड्यांच्या मधे उभे राहायचे, एवढेच माझे काम. स्वभावाने मी भित्रे आहे, हे आधीच सांगून टाकते.

मला तिथे बसवले ते चष्मेवाल्या प्रोग्रामर ताईंनी. तेव्हा कंपनी म्हणजे एक खोली, चार खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. पहिले गिऱ्हाईक दोघी बहिणी, दोघीही नर्स. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायची, असे छोटेसे काम त्यांनी नुकतेच सुरू केले होते. थोरली म्हणाली, "आमची बाळं एवढीएवढीशी. कुणाला अर्धा मिली, कुणाला त्याहून कमी. टिंब नसेल तर आम्ही लिहायचं कसं?" म्हणून मी आले. धाकटीने पडदा पाहून "किती स्पष्ट दिसतं!" म्हटले, तेव्हा मी फुलून गेले. तरी मनात धाकधूक होतीच. कोणी मला चुकून एक घर इकडेतिकडे सरकवले तर?

मग एक नऊ मजली रुग्णालय गिऱ्हाईक म्हणून आले. कंपनी काचेच्या कचेरीत गेली. त्या रुग्णालयाचे मोठे डॉक्टर बैठकीत म्हणाले, "आमच्याकडे सगळे मोठे पेशंट. घाईत बोट लागतं आणि पन्नासाचे पाच होतात. हे टिंब काढून टाका."

ते खोटे बोलत नव्हते. दोनदा तसे झाले होते. मला लाज वाटली.

"लगेच काढतो," आमचे मालक म्हणाले.

"सर, पण त्या दोघी बहिणी..." ताईंनी अडवून पाहिले.

"त्यांची सगळी मिळून चाळीस बाळं. इथे नऊ मजले आहेत! त्यांना कळवू की सावकाश."

त्याच संध्याकाळी मला लपवले. पुसले नाही हं, नुसते लपवले. मला सगळे दिसत होते, पण मी कोणाला दिसत नव्हते. बहिणींना कळवायचे मात्र राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका घरात दीड किलोच्या बाळाची औषधाची वेळ झाली. बहिणींनी लिहिलेला डोस पाहायला बाळाच्या बाबांनी मोबाईलवर आमचे सॉफ्टवेअर उघडले. तिथे ०.५ असायला हवे होते. मी लपलेले, म्हणून दिसत होते ०५. त्यांनी सिरिंज पाच मिलीपर्यंत भरली. दहापट औषध! मी ओरडत होते, पण टिंबाला आवाज कुठला? माझी पाचावर धारण बसली. सिरिंजचे टोक बाळाच्या ओठांना लागले आणि बाळाने तोंड उघडले.

तेवढ्यात बाबांचा हात थबकला. "अगं, काल तर जरासंच होतं ना? आज एवढं?"

"थांब, देऊ नकोस!" बाळाची आई अंथरुणातूनच म्हणाली. "नर्सताईंना फोन लाव आधी."

थोरलीने फोनवर एवढेच सांगितले, "खाली ठेवा ते. आत्ताच्या आत्ता." मग तिने चष्मेवाल्या ताईंना फोन केला. त्यांनी कोणालाही न विचारता मला सगळीकडे परत आणले.

तासाभरात मालकांनी त्यांना आत बोलावले. "एवढ्याशा टिंबापायी मोठं गिऱ्हाईक घालवणार आहात का?"

"सर, त्या बाळाचं तोंड उघडलेलं होतं," ताई म्हणाल्या.

मालक खुर्चीत बसले. मग त्यांनी स्वतः बहिणींना फोन लावला आणि माफी मागितली. आता मोठ्या रुग्णालयात मी दिसत नाही, बाकी सगळीकडे दिसते. त्यासाठी ताईंनी एक बटण केले आहे.

पण मित्रांनो, बटण म्हटले की त्यावर कोणाचा तरी हात आलाच. येत्या सोमवारी बारा मजल्यांचे रुग्णालय बैठकीला येणार आहे. त्यांच्या मागण्यांच्या यादीत तिसऱ्या ओळीवर मी आहे. तेव्हापासून मी जीव मुठीत धरून बसले आहे.

माझे एक ऐकाल? घरात लहानग्याला औषध देताना आकडा मोठ्याने वाचायला सांगा. सिरिंज उजेडात धरायला सांगा. जरा जरी शंका आली, तरी हात मागे घ्या आणि विचारा, विचारायला लाजू नका. त्या सकाळी एका बापाचा हात थांबला, म्हणून ते बाळ आज आहे. मी तर तिथेच होते, दोन आकड्यांच्या मधे, आणि मला काहीच करता आले नाही.