चार चित्रांचा शब्द

माझ्या आबांचे ओठ त्यांच्या आवाजाच्या मागे चालतात. आवाज आधी येतो, तोंड नंतर हलतं. बारा वर्षं हे अंतर चार चित्रांचं होतं. चार चित्रं म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा, त्यामुळे बाहेरच्या कुणाच्या लक्षात येत नव्हतं. भाजीवाली म्हणायची, तुमचे आबा जरा सावकाश बोलतात. माझ्या लक्षात यायचं, कारण माझं कामच ते आहे. मी कार्टूनमधली मधली चित्रं काढते.

मुख्य चित्रकार दोनच चित्रं काढतो. एकात माणूस खुर्चीत बसलेला, दुसऱ्यात दारात उभा. तो खुर्चीतून दारापर्यंत कसा पोचला, ते काढायला माझ्यासारखी बाई लागते. पडद्यावर नाव कुणाचं येतं ते सांगायला नको.

बारा वर्षांपूर्वी आम्ही कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर 'चंद्रमौळी' नावाची मालिका करत होतो. चंद्रमौळी हे अंतराळयान होतं आणि नावाप्रमाणेच त्याचं छत गळायचं. वर पाऊस नसला तरी गळायचं. यानावर कॅप्टन टिपणीस होते, खराटा नावाचा एक यंत्रमानव होता, ज्याला झाडण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि शकूमावशी होत्या. चाल करून आलेल्या परग्रहावरच्या प्रत्येक शत्रूला त्या आधी विचारायच्या, "जेवलास का?" पोरं पोट धरून हसायची. मोठी माणसं पेपर वाचायचं सोंग करून बघायची.

कॅप्टनचा आवाज आबांचा. आबांनी जन्मभर पोस्टात शिक्के मारले आणि हौशी नाटकांत राजे केले. निवृत्त झाल्यावर कॅप्टन झाले आणि मला वाटतं, तेवढे दिवस ते खरोखर सुखात होते.

सव्वीस भाग ठरले होते. एकोणिसाव्या भागाच्या शेवटी कॅप्टन छताला डांबर लावायला डबा घेऊन यानाबाहेर निघतात, दारात वळून शकूमावशींना म्हणतात, "येतो." तिथं तो भाग संपला. दुसऱ्या दिवशी वाहिनीचं पत्र आलं की मालिका बंद.

चूक माझी होती. आबांनी 'येतो'च म्हटलं होतं. मी ओठ 'जातो'चे काढले.

'येतो' हा चार चित्रांचा शब्द आहे. 'जातो' पण चारांचाच. शेवटची दोन चित्रं दोन्हीकडे तीच, 'तो'ला ओठ गोल होतात. फरक पहिल्या दोनांत. 'ये'ला ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात आणि 'जा'ला जबडा खाली पडतो. ओठ काढताना आम्ही समोर आरसा ठेवतो आणि शब्द स्वतः बोलून बघतो. आमच्याकडं बायकाही बोलताना सर्रास आलो-गेलो करतात, त्यामुळे कॅप्टनच्या तोंडाला माझं तोंड बिनदिक्कत चालायचं. त्या सकाळी मात्र माझं आबांशी भांडण झालं होतं. हैदराबादच्या एका मोठ्या स्टुडिओतून मला बोलावणं आलं होतं. आबा म्हणाले, "जा की मग, तुला कुणी धरलंय?" मी म्हटलं, "जातो," आणि दार आपटून निघाले. आरशासमोर बसले तेव्हा तोच शब्द तोंडात होता.

हैदराबादला मी गेले नाही. मालिका बंद झाली त्या संध्याकाळी आबांनी मला चहाला हाक मारली आणि त्यांचे ओठ मागून हलले. मी कप उचलला. कोणत्या तोंडानं सांगणार होते?

या वर्षी पाडव्यानंतर भालेकर सर घरी आले. मालिका त्यांनीच काढली होती, ती बंद झाल्यावर बारा वर्षं त्यांनी औषधांच्या जाहिराती केल्या. चप्पल काढता काढताच म्हणाले, "वैजू, चंद्रमौळीचा सिनेमा करायचाय. नव्वद मिनिटांचा."

"आणि कॅप्टन?" मी विचारलं.

"कॅप्टनशिवाय काय सिनेमा? आवाज आबांचाच."

"मी तयार हाय," आबांचा आवाज आला. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. भालेकर सर हसले, त्यांनी आबांचा गुडघा थोपटला, पाण्याचा पेला उचलला, प्यायले, खाली ठेवला. मग आबांचे ओठ हलले. मी मोजली, साठ चित्रं झाली होती.

सरांना ते दिसलं नाही. दिग्दर्शक आहेत ते.

दुसऱ्या दिवशी आम्ही माडीवरचं कपाट उघडलं. एकोणिसाव्या भागाचा गठ्ठा पिठानं पांढरा झाला होता. सरांनी कागद झटकून शेवटच्या दृश्याची चित्रं टेबलावर मांडली. यानाचं दार होतं, शकूमावशी होत्या, खराटा होता. दारात कॅप्टन नव्हते. दाराबाहेरच्या काळ्या आभाळात, पार कोपऱ्यात, मोहरीएवढा एक ठिपका होता. मी भिंग लावून बघितलं. ठिपक्याच्या हातात डांबराचा डबा होता.

"हे चालतच गेले की," मी म्हटलं.

"बारा वर्षं चालतायत," सर म्हणाले. "त्यांना वळवून आणायला पाहिजे."

"नवे कॅप्टन काढूया ना दारात."

"मग हे कुठं जाणार?" सरांनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. "तू मधली चित्रं काढ, वैजू. एकेक करून आण."

"बारा वर्षांची वाट आहे, सर."

"सिनेमा नव्वद मिनिटांचा आहे. पळत येतील."

म्हणून मी कॅप्टनना पळवत आणायला लागले. रोज सकाळी नऊ ते सहा. आठवड्यात ते मोहरीचे मुगाएवढे झाले, मग वाटाण्याएवढे. त्यांचे पाय मला काढावे लागत नव्हते. मी कागद ठेवला की पेन्सिल त्या वाटेनं आपोआप जायची आणि मी फक्त दाबून धरायचे. खाली गिरणी घरघरत असे, टेबल थरथरत असे, आणि कॅप्टनना धाप लागत असे.

ते जितके जवळ आले तितके आबांचे ओठ मागे पडले. वाटाण्याएवढे कॅप्टन झाले त्या दिवशी आबा स्वयंपाकघरात म्हणाले, "मीठ कमी हाय," आणि त्यांचं तोंड गॅलरीत गेल्यावर हललं. अंगठ्याएवढे झाले तेव्हा आबा रंकाळ्यावर फिरायला गेले होते. पाच वाजता आवाज एकटाच घरी आला. "आलो गं," म्हणाला. मी दार उघडलं, जिन्यात कुणी नव्हतं. मी चहा टाकला. पाच मिनिटांनी आबा आले आणि दारात उभं राहून त्यांनी नुसते ओठ हलवले.

"चहा झालाय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझं उत्तर त्यांच्या आवाजानं आधीच ऐकलं होतं की काय, कोण जाणे.

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. आवाज आणि माणूस यांच्यामधली चित्रं कुणीतरी उपसत होतं आणि ते कुणीतरी मीच होते.

आबांनी सगळं ध्वनिमुद्रण एका दिवसात उरकलं. काचेमागे तोंड मिटून, हात मागे बांधून ते उभे होते आणि आवाज भरून येत होता. सर म्हणाले, "वा, काय संयम आहे!" त्या वाक्यांचे ओठ साठून राहिले आणि पुढं महिनाभर थोडे थोडे येत राहिले. जेवताना आबा मुकाट्यानं बोलायचे. भाकरी मोडायचे, ओठ हलवायचे, घास घ्यायचे, परत ओठ हलवायचे. मी ताटाशेजारी वही ठेवून ते उतरवून घ्यायचे. कॅप्टनच्या तोंडाचं सगळं काम असं जेवणावरच झालं. काम इतकं सोपं पडल्याची मला लाज वाटत होती.

एकदा वहीतून डोकं वर काढलं तर ते माझ्याकडं बघत होते. आवाज आला, "वैजू, तू त्या दिशी 'जातो' म्हणून गेलीस."

"बारा वर्षं झाली, आबा."

"मी येतो म्हणालो व्हतो. तुला ऐकू आलं न्हवतं का?"

"आलं होतं," मी म्हटलं. मला रडू फुटलं. त्यांचे ओठ मिटलेलेच होते. त्या दोन वाक्यांचे ओठ मी भांडी घासत होते तेव्हा कधीतरी येऊन गेले असणार, मी बघितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. कॅप्टन तोवर वीतभर झाले होते, दारापासून चार पावलांवर. पण तिथं ते अडले होते. तीन दिवस मी कागदामागून कागद ठेवत होते आणि ते जागच्या जागी पळत होते.

सरांनी जुना भाग लावला आणि आवाज बंद करून शेवटचं दृश्य बघितलं. परत बघितलं.

"जातो म्हणालेला माणूस कसा परत येईल?" ते म्हणाले. रागावले नाहीत. "खोड."

"बारा वर्षांपूर्वीचं आहे, सर."

"दोनच चित्रं आहेत. खोड आणि 'ये' काढ."

मी दोन्ही कागद काढले. कॅप्टन त्यात नव्हते, पण दारातल्या हवेत त्यांचं उघडं तोंड तसंच राहिलं होतं, जबडा खाली पडलेला. मी खोडायला लागले. पेन्सिल खोल गेली होती, रागानं दाबलेली. अर्धं खोडरबर संपलं. मग आरसा ओढला, ओठ ताणले, 'ये' म्हटलं आणि काढलं. कागद खाली ठेवून वर बघते तो कॅप्टन दारात उभे होते, धापा टाकत, डबा हातात.

गिरणी थांबली. सरांनी टाळी वाजवली. "आता एकच शब्द वाढवायचा राहिला. दारात येऊन त्यांना 'आलो' म्हणू दे. उद्या आबांना पाठव."

घरी आले तेव्हा माझ्या पदरावर, खांद्यावर खोडरबराचा काळा चुरा होता. आबा दारातच होते. "काय गं हे," त्यांचा आवाज आला आणि त्यांनी हातानं माझा खांदा झटकला. मग त्याच हातानं मिशा पुसल्या. मी बघत राहिले. मिशांत दोन काळे कण दिसले, मग दिसेनासे झाले. खोडलेल्या 'जा'ची चित्रंही दोनच होती.

आज सकाळी आबांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. एक शब्द बोलायला जाणारा माणूस इतका नटलेला मी पाहिला नाही. मी म्हटलं, आज नको, उद्या जाऊ, मी बरोबर येतो. त्यांनी ऐकलं नाही. चप्पल पायात सरकवली, उंबरा ओलांडला आणि वळले.

"येतो," आवाज आला.

ओठ मिटलेले होते.

हल्ली अंतर नऊ मिनिटांचं आहे. एवढ्यात ते जिना उतरून, कोपरा वळून, गर्दीत गेले असते आणि त्यांच्या तोंडानं 'येतो' म्हटलं की 'जातो' ते मला कधीच कळलं नसतं. मी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा," मी म्हटलं. "पुरं बोलून जा. जा न्हवं, या. पुरं बोला आणि मग निघा."

आबा थांबले. ते उंबऱ्याच्या बाहेर, मी आत. फोन वाजत होता, भालेकर सर असणार. कॅप्टन तिकडं दारात तोंड उघडायची वाट बघत असणार. शेजारच्या बाई भाजी घेऊन वर आल्या, आमच्याकडं बघून "काय झालं?" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी मोजत होते. सेकंदाला बारा चित्रं, मिनिटाला सातशेवीस.

सातव्या मिनिटाला मी त्यांच्या अगदी समोर गेले, आरशासमोर बसते तशी. ओठ दोन्ही बाजूंना ताणले आणि 'ये' धरून ठेवला. आवाज काढला नाही, नुसतं तोंड. गाल दुखायला लागले, डोळ्यांत पाणी आलं, मी सोडला नाही. आबा माझ्या तोंडाकडं बघत होते, शाळेत फळ्याकडं बघावं तसे.

फोन थांबला.

त्यांचा खालचा ओठ हलला.