पळसदेवला निघालं की लागणारा दिवा

विजयमालाबाईंच्या गाडीला एक विचित्र खोड लागली होती. सांगवीहून बारामतीला भाजी आणायला जा, खताच्या दुकानात जा, काही नाही. पण सोमवारी त्या माहेरी पळसदेवला निघाल्या, की गावात शिरायच्या आधी कुठंतरी समोरच्या मीटरमध्ये पिवळा दिवा लागायचा आणि ब्रेक तपासून घ्या अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं उमटायची.

पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा त्या घाबरल्या होत्या. गाडी चालवायला त्या पन्नाशी उलटल्यावर शिकल्या. मुलगा ऋषिराज नोकरीला पुण्यात गेला, त्यानं नवी गाडी घेतली आणि ही घरी ठेवली. तेव्हापासून ती विजयमालाबाईंचीच झाली. त्या दिवशी त्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबून बघितला, पुन्हा दाबून बघितला. ब्रेक नेहमीसारखाच लागत होता. मग ही गाडी कशाबद्दल ओरडतेय?

त्यांची आई साखरबाई ऐंशीच्या पुढची, पण जीभ शाबूत. ती म्हणाली, "माझ्या दारात आल्यावरच तुझ्या गाडीला कळा येत्यात व्हय? माझं तोंड बघवंना का तिला?"

विजयमालाबाईंचे यजमान मानसिंगराव जन्मभर ट्रॅक्टर चालवलेले. त्यांनी स्वतः एक चक्कर मारून बघितली आणि निकाल दिला. "ब्रेक लागतोय न्हवं? मग दिव्याचं काय घेऊन बसलीस!" असं म्हणून त्यांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि दिवा लागायचा त्याच जागी काचेवर चिकटवून टाकला.

विजयमालाबाईंनी संध्याकाळी ती पट्टी नखानं सोलून काढली. गाडी काहीतरी सांगतेय आणि आपल्याला ते कळत नाही, हेच त्यांना सहन होईना. भीती केव्हाच मागं पडली होती. उरलं होतं ते कुतूहल.

बारामतीत भिगवण रस्त्याला दादासोचं गॅरेज होतं. चाळिशीचा माणूस, बोलायला कमी, पण काम नीट. त्यानं आधी ब्रेकच तपासला. इंजिन बंद ठेवून त्यानं बाईंना पेडल चार-सहा वेळा दाबायला लावलं. पेडल दगडासारखं कडक झालं.

"आता पाय तसाच दाबून धरा काकू, आन् गाडी चालू करा."

इंजिन सुरू होताच पेडल त्यांच्या पायाखाली अलगद खाली गेलं. बाई चमकल्या. "हे काय झालं?"

दादासोनं बॉनेटखालचा काळा, गोल, ताटाएवढा डबा दाखवला. "ह्यो बूस्टर. ह्याच्यातली हवा इंजिन ओढून घेतं. त्या ओढीनं तुमच्या पायाला जोर मिळतो. पेडल खाली गेलं म्हंजी बूस्टर काम करतोय. ब्रेकला धोका न्हाय." मग डब्यावर बसवलेल्या अंगठ्याएवढ्या तुकड्यावर त्यानं बोट ठेवलं. "आन् ह्यो सेन्सर. आत ओढ किती हाय ते ह्यो गाडीच्या काँप्युटरला कळवतो. त्यानं कमी हाय म्हणून सांगितलं, की दिवा लागतो."

गाडीच्या काँप्युटरला स्कॅनर लावल्यावर तेच निघालं. ओढ कमी पडल्याची नोंद साठलेली होती. पण आत्ता या घटकेला ओढीचा आकडा बरोबर होता. दादासोला वाटलं, रबरी पाइप कुठंतरी हवा घेत असणार. त्यानं पाइप आणि त्यातला झडपेचा तुकडा दोन्ही बदलले आणि नोंद पुसली.

पुढच्या सोमवारी पळसदेवच्या अलीकडं दिवा पुन्हा हजर.

दादासोचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा सगळं तपासलं. पुन्हा सगळं बरोबर. शेवटी तो थोडा चिडूनच म्हणाला, "काकू, हितं गाडी ठणठणीत हाय. तितं गेल्यावर तिला काय हुतंय, ते मला हितनं कसं दिसंल?"

घरी येताना विजयमालाबाई त्याच वाक्यावर विचार करत राहिल्या. तिथं गेल्यावर काय होतं? पळसदेवात असं काय आहे जे सांगवीत नाही?

त्यांची उसाची रोपवाटिका होती. रोपं पिवळी पडली तर त्या एकदम चार औषधं कधी मारत नसत. एका ट्रेचं पाणी बदलायचं, दुसऱ्याची सावली, बाकीचे तसेच ठेवायचे आणि बघायचं. तेच आता त्यांनी गाडीला लावलं. पहिल्यांदा त्या अगदी पहाटे पळसदेवला निघाल्या. थंडी होती, रस्ता मोकळा होता. गावात पोचल्या, आईच्या दारात गाडी लावली, तरी दिवा लागला नाही.

"बघ आये, तुझ्या तोंडाचा काय दोष न्हाय," त्या म्हणाल्या.

पण दुपारी परत निघाल्या, उसाच्या गाड्यांच्या मागं रखडत भिगवणपर्यंत आल्या आणि दिवा लागला. म्हणजे दोष गावाचा नव्हता. नंतर एका दुपारी त्या नुसत्याच सांगवीहून बारामतीला जाऊन आल्या. दिवा नाही. मग वाट बदलून त्या इंदापूरच्या रस्त्याला लागल्या. ऐन उन्हात, पुढं उसाच्या ट्रॅक्टरची रांग. निमगाव केतकी जवळ आली आणि दिवा लागला. बाई एकट्याच गाडीत बसून मोठ्यानं म्हणाल्या, "घावलास!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादासोला सगळं सांगितलं. "नुसत्या उन्हानं लागत न्हाय, नुसत्या लांबच्या पल्ल्यानं लागत न्हाय. दोन्ही लागतं. इंजिन चांगलं तापलं आन् गाडी हळू चालली, तरच."

दादासो हात पुसायचा थांबला. "आन् माझ्याकडं तुमी सांगवीतनं येता. तेवढ्यात ती तापतच न्हाय. म्हणून मला कधी सापडंना."

"मग तापल्यावर काय बिघडतंय?"

"दोन गोष्टी हुऊ शकतात. एक, तापल्यावर खरंच कुठंतरी हवा गळत आसंल आन् सेन्सर खरं बोलत आसंल. न्हायतर ओढ बरोबर हाय आन् सेन्सर खोटं बोलतोय. आता अंदाजानं काय बदलायचं न्हाय. दोन्ही एकदम बघाय पायजे." हातातलं फडकं ठेवून तो म्हणाला, "सोमवारी मीबी येतो पळसदेवला."

सोमवारी त्यानं बूस्टरच्या पाइपला मध्येच एक फाटा काढला, त्याला लांब बारीक नळी जोडली, ती बॉनेटच्या कडेनं खिडकीतून आत घेतली आणि नळीच्या टोकाचं काटेवालं गेज हातात धरून तो बाईंच्या शेजारी बसला. मांडीवर स्कॅनर. गेज थेट डब्यातली ओढ दाखवणार होतं आणि स्कॅनर सेन्सर काय म्हणतोय ते. बाई ब्रेक दाबायच्या, काटा किंचित हलायचा, परत जागेवर यायचा. स्कॅनरवरचा आकडाही तसाच हलायचा आणि परत यायचा. भिगवण गेलं तरी काटा आणि आकडा एकमताचे होते.

"आज मुद्दाम लागायचा न्हाय बघ," बाई म्हणाल्या.

"लागंल. घाई करू नका. त्या ट्रॉलीला ओव्हरटेक करू नका, मागंच ऱ्हावा."

आयुष्यात पहिल्यांदाच उसाच्या ट्रॉलीमागं राहायला त्यांना आनंद वाटला. ट्रॉली डुलत, पाचट सांडत चालली होती. ऊन काचेतून मांडीवर पडत होतं. आणि मग दादासो सरळ होऊन बसला.

"ब्रेक दाबू नका. नुसतं चालवा. आकडा उतरायला लागला."

"आन् काटा?"

"काटा जागचा हलला न्हाय."

बाईंनी तिरक्या नजरेनं बघितलं. एका हातात काटा ठाम उभा होता, मांडीवरचा आकडा मात्र पायरी पायरीनं खाली चालला होता. थोड्याच वेळात पिवळा दिवा लागला. इतके दिवस ज्याच्या मागं लागले होते, त्याला बघून दोघं हसायला लागले.

साखरबाईंच्या दारात पोचल्यावर दादासोनं इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि बॉनेट उघडलं. गरम हवेचा लोट तोंडावर आला. म्हातारी काठी टेकत बाहेर आली. "काय झालंय तिला?"

"ताप आलाय, आजी," दादासो म्हणाला.

तो सहज बोलून गेला, पण विजयमालाबाईंच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. "दादासो, तापल्यानं बिघडत आसंल, तर गार केल्यावर नीट झालं पायजे."

दादासोनं त्यांच्याकडं बघितलं. "झालं पायजे."

बाईंनी आईच्या माठातलं पाणी फडक्यावर घेतलं, फडकं घट्ट पिळलं. दादासोनं सेन्सरच्या जोडणीला पाणी लागू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवीनं झाकली आणि फडक्याची घडी नुसत्या सेन्सरच्या अंगावर ठेवली. फडकं वाळलं की साखरबाई दुसरं भिजवून द्यायच्या. त्यांनी पोरांच्या कपाळावर जन्मभर पट्ट्या ठेवल्या होत्या, हे काम त्यांना शिकवावं लागलं नाही.

बाई स्कॅनर घेऊन उभ्या होत्या. आकडा खालीच होता. मग एका जागी थांबला. मग हळूहळू वर चढायला लागला.

"चढतोय!" त्या ओरडल्या. "दादासो, चढतोय!"

काटा मघाशी होता तिथंच होता. आकडा चढत चढत त्याच्या बरोबरीला येऊन थांबला. दादासोनं फडकं काढलं, बॉनेट लावून वाट बघितली. आकडा पुन्हा घसरला. पुन्हा फडकं, पुन्हा आकडा वर. आता संशयाला जागाच उरली नव्हती.

"उतरला का ताप?" साखरबाईंनी विचारलं.

"पट्टीनं उतरतोय आजी, पण रोग न्हाय जायाचा. सेन्सरच बदलायला लागंल."

नवा सेन्सर पुण्याहून मागवावा लागला. तो आला तेव्हा बाई गॅरेजमध्ये जाऊन म्हणाल्या, "मी बसवती. तू नुसतं सांग."

दादासो थोडा घुटमळला, पण बाजूला झाला. आधी इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत दाबायला लावलं, म्हणजे डब्यातली ओढ निघून जाते. मग तारेच्या जोडणीची कळ दाबून ती सोडवायची. इथपर्यंत सोपं होतं. पण सेन्सर डब्याच्या भोकात जाड रबरी कड्यात रुतून बसला होता. बाईंनी ओढलं, हलला नाही.

"सरळ ओढू नका. पिळत पिळत काढा. कडं फाटून तुकडा आत पडाय नको."

त्यांनी डावीकडं पिळलं, उजवीकडं पिळलं, घाम आला, आणि एकदम तो हातात आला. रबराचं कडंही अखंड आलं. नवं कडं बसवताना त्याला साबणाच्या पाण्याचा हात लावला, नवा सेन्सर अंगठ्यानं दाबला, तो पूर्ण आत बसल्याचं बोटाला जाणवलं. जोडणी लावताना कट् असा आवाज आला. दादासोनं साठलेल्या नोंदी पुसल्या, गेज पुन्हा जोडून इंजिन सुरू केलं. काटा आणि आकडा बरोबर चालले होते. पण दोघांनाही माहीत होतं, गॅरेजमधल्या उत्तराला अर्थ नाही.

सोमवारी विजयमालाबाई मुद्दाम भर दुपारी निघाल्या. वाटेत ट्रॉल्या होत्या. त्या मागं मागं राहिल्या. नेहमीची दिवा लागायची जागा आली, गेली. पळसदेवचं वळण आलं. मीटरवर काही नव्हतं. गावात शिरून त्यांनी गाडी चालूच ठेवली आणि सावलीत न लावता उन्हात उभी केली. बराच वेळ बघत बसल्या. दिवा लागला नाही. मग त्यांनी ऋषिराजला फोन केला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तो "आई, मीटिंगमध्ये आहे," म्हणत होता, तरी ऐकत राहिला.

जुना सेन्सर त्यांनी दादासोकडून मागून आणला होता. घरी आल्यावर रोपवाटिकेच्या शेडनेटखालच्या टेबलावर तो पकडीत धरला आणि बारीक करवतीनं मधोमध कापायला घेतला. मानसिंगराव येऊन उभे राहिले. "आता काय उरलंय त्यात?"

"तेच बघती."

आत पारदर्शक डिंकासारखं काहीतरी होतं आणि त्यात तिळाएवढी चौकोनी चकाकी, केसाहून बारीक तारांना धरून बसलेली. मानसिंगरावांनी चष्मा काढून तो तुकडा डोळ्यांजवळ धरला. दोघं डोकं डोक्याला लावून बघत होते. त्या एवढ्याशा तिळाला तापल्यावर काय होत असेल, ते काही दिसत नव्हतं.

बाईंनी दादासोला फोन लावला. "आरं, कापून बघितला. आत डिंकासारखं काय असतं रं?"

पलीकडून दादासो म्हणाला, "काकू, इतके सेन्सर बदलले, पण मी एकबी फोडून बघितला न्हाय. फेकू नका. गॅरेज बंद करून येतोच."