थिजलेल्या वाट्या

सीताबाईची वळकटी उंबऱ्यापाशी बांधून ठेवलेली होती. थोरल्या गोपालकडचा महिना आज संपत होता. उद्यापासून धाकट्या दिनेशकडे. अंगण एकच, चुली दोन, आणि माय पाळीची. दीड वर्ष हे चाललं होतं आणि म्हातारी आता खरंच थकली होती. दार बदललं की झोपही नव्यानं शोधावी लागते, हे कुणाला सांगणार?

गोपालची लेक सायली नागपुरात हॉटेलचं शिकत होती. सुटीला येताना तिनं चीज आणलं आणि आज फोंड्यू करते, सगळ्यांनी अंगणात जेवायचं, असं फर्मान काढलं. केनवडच्या बाजारात भाजी विकून आलेले दोघं भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले. तीन विटांच्या चुलीवर पातेलं ढवळत सायली सांगत होती, की फोंड्यू म्हणजे फ्रेंच भाषेत वितळलेलं. स्वित्झर्लंडच्या डोंगरात हिवाळ्यात पाव वाळून दगड व्हायचा, चीजही टणक; मग लोक ते विस्तवावर वितळवून त्यात पाव बुडवून खायचे, असं म्हणतात. म्हणजे आपल्यासारखीच शिळ्या भाकरीची माणसं, असं सीताबाईच्या मनात आलं आणि तिला उगाच बरं वाटलं.

सायली पाव आणायला आत गेली, तेवढ्यात म्हातारीनं सवयीनं घोटाळा केला. भाऊ वेगळे निघाल्यापासून या घरात गुळाचा खडाही सारखा वाटावा लागे, नाहीतर सुनांची तोंडं फुगत. तिनं वाट्या मांडल्या आणि पळीनं सारखं वाढून पातेलं रिकामं केलं.

सगळ्यांच्या हाती पाव येईतो वाट्यांतलं चीज थिजलं. दिनेशनं पाव खुपसला, तर तुकडाच मोडला.

"आजी, हे वाटायचं नसते," सायली म्हणाली. "एकाच भांड्यात, खाली आच ठेवून सगळ्यायनं खायचं. वाटलं की थिजते."

सीताबाई हातातल्या वाटीकडे बघत राहिली.

"मंग मायले काहून वाटलं तुमी?" ती म्हणाली. "महिना इकडं, महिना तिकडं. मीबी थिजूनच राह्यली ना."

ती रडली नाही. तेवढं त्राणच नव्हतं. मग दिनेशनं आपली उष्टी वाटी निपटून पातेल्यात टाकली. मोठ्या सुनेनं नाक मुरडलं, पण गोपालनंही मुकाट्यानं आपली वाटी उपडी केली. सायलीनं चुलीत काटक्या सारल्या.

चीज पुन्हा सुटायला लागलं तेव्हा सीताबाईनं हळूच विचारलं, "उद्या वळकटी कोन नेते?"

"राहू दे दादाकडंच," दिनेश म्हणाला. "उद्या आमीच येतो इकडं जेवाले."

गोपालनं थोडं सरकून चुलीपाशी भावाला जागा केली.