नावापुरती साल

ताईचा पाय मुरगळला म्हणून ती जेमतेम महिनाभर घरी बसली, आणि तेवढ्यात धाकट्या भावानं कारखान्याचं होत्याचं नव्हतं करून ठेवलं.

कारखाना दोघांचा. शेजारच्या रसाच्या कारखान्यातून संत्र्याच्या साली यायच्या. त्या पिळून, भट्टीत वाळवून, दळून, रबराच्या झाडाच्या चिकात कालवून ताई चामड्यासारखं कापड काढायची. त्याच्या पिशव्या व्हायच्या. साली आणि यंत्रं तिच्याकडे, गिऱ्हाइकं आणि हिशेब भावाकडे.

परत आली त्या सकाळी तिनं कापडावर हात फिरवला. गुळगुळीत. नको तितकं गुळगुळीत. कोपरा कापून काडी लावली, तर प्लास्टिकची बादली जळल्यासारखा वास. भट्टी गार. मागच्या दारानं बाहेर गेली, तर भिंतीलगत सालींचा हा ढीग, काळा पडलेला, वर माश्या घोंघावतायत.

ती तडक भावाच्या खोलीत शिरली. "हे काय चालवलंयस?"

"ताई, आधी बस. पाय..."

"पाय गेला खड्ड्यात! साली उकिरड्यावर का?"

"सालीत असतं काय? पाणी. ते उडवायला आपण जळण जाळत बसतो. त्यापेक्षा प्लास्टिक स्वस्त पडतं. सालीची पूड टाकतो की चिमूटभर. नावापुरती."

"आणि पिशवीवर 'सालीपासून' म्हणून छापतोस?"

"मग जळणाचं तू बघतेस? पगाराचं तू बघतेस?"

ताईचा राग आणखीच चढला. जळण महाग, हे तिलाही कळत होतं. मग दर वाढवून मागायचा, नाहीतर दुसरं काही करायचं. खोटं कशाला बोलायचं?

दुपारी पिशव्या विकणाऱ्या कंपनीच्या बाई आल्या. ताईनं कापड पुढ्यात टाकलं आणि सगळं सांगून टाकलं. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी मात्र शांतपणे चहाचा घोट घेतला.

"कल्पना आहे हो. खऱ्या सालीचा दर आम्हाला परवडत नाही. आणि किती सालीपासून, ते पिशवीवर कुठं छापलंय?"

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "लोक जास्त पैसे मोजतात ते सालीसाठी! प्लास्टिक विकायचंय तर प्लास्टिक म्हणून विका ना!"

"लोकांना बरं वाटतं. ते त्याचेच पैसे मोजतात," बाई म्हणाल्या.

ताई उठली ती थेट रसाच्या कारखान्यात गेली. साली उचलायचा करार तिच्या नावावर होता. "उद्यापासून सगळा माल मी दुसरीकडे नेणार. आमच्या कारखान्यात एक टोपलीसुद्धा जायची नाही," तिनं तिथल्या व्यवस्थापकाला बजावलं.

संध्याकाळी भाऊ दारात हजर. "अगं, चिमूटभर तरी राहू दे! नाहीतर छापू काय?"

"खरं छाप!" म्हणत तिनं दार लावून घेतलं.

आता तिनं रसाच्या कारखान्याला खेटूनच एक उघडी शेड घेतलीय. साली दाबून पाणी काढायचं, उन्हात वाळवायच्या, आणि बाटल्या फुटू नयेत म्हणून खोक्यात घालायला जाड फळ्या करायच्या. दिसायला ओबडधोबड, पण फळीत साल आणि चिकाशिवाय काही नाही. मिळकत आधीच्या निम्मीसुद्धा नाही. भावानं साली दुसरीकडून मिळवल्या. त्या पिशव्या अजून झोकात खपतात, आणि दुकानाच्या काचेआड एखादी दिसली की ताईचं डोकं फिरतं.

भाऊ बोलत नाही. भावजय चोरून फोन करते. "ते रोज तुमची आठवण काढतात हो."

"स्वतः येऊन बोल म्हणावं त्याला," ताई म्हणते आणि फोन ठेवून वाळत घातलेल्या फळ्या उलटायला जाते. उन्हाचा काय भरवसा!