साठ ते ऐंशीच्या मधली थरथर

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला माझे वय कळणार नाही. विकण्याआधी दलालाने मला चांगले घासूनपुसून चकचकीत केले होते. खरे सांगायचे तर मला तेरा वर्षे पूर्ण झाली आहेत. मी करड्या रंगाची, चार दारांची एक छोटी मोटार आहे. कोणतीही शर्यत मी जिंकलेली नाही. पण गेल्या वर्षी माझ्या अंगात एक थरथर शिरली आणि तिच्यापायी एका भल्या बाईने स्वतःवरचा विश्वास गमावला. ती हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. माझे पहिले मालक औषधांचे दुकान चालवत. ते मला जिवापाड जपत. दर रविवारी स्वतः बादली घेऊन धूत, आणि शेजाऱ्यांना म्हणत, "माझी गाडी म्हणजे घड्याळ आहे घड्याळ." पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले आणि मी कुंपणाच्या भिंतीशी उभी राहिले. एक नाही, दोन नाही, चांगली चार वर्षे. माझी डावी बाजू दिवसभर उन्हात भाजत असे. पाखरांनी टपावर वाट्टेल ते केले. कोणी विचारले नाही.

मग मला शिवणताईंनी विकत घेतले. कपडे शिवणे हा त्यांचा व्यवसाय, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना त्याच नावाने हाक मारी. एक्कावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या. लेक तीन तासांवरच्या शहरात राहत होती, तिला दिवस गेले होते. "बाळाला घेऊन तू माझ्याकडे यायचंस, आणि न्यायला मी माझ्या गाडीतून येणार," असा शब्द ताईंनी तिला दिला होता. मला तो शब्द फार आवडला. इतकी वर्षे भिंतीकडे बघत काढल्यावर कोणाला तरी आपली गरज आहे, हे ऐकून बरे वाटते.

पहिले दोन महिने सुखाचे गेले. गावातल्या गावात आम्ही कापडाचे गठ्ठे आणत होतो. एके दिवशी ताई मला पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर घेऊन गेल्या. काटा साठवर गेला आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात थरथरू लागले. सत्तरला तर आरसासुद्धा कापत होता. ऐंशीच्या पुढे गेल्यावर थरथर विरली, पण तोवर ताईंच्या तळव्यांना घाम फुटला होता. शेजारी बसलेले त्यांचे यजमान खिडकीवरची मूठ घट्ट धरून म्हणाले की रस्ताच खराब असेल. रस्ता मात्र आरशासारखा गुळगुळीत होता.

ताईंचे धाकटे दीर पंचवीस वर्षे बस चालवत होते. घरात गाड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला गल्लीतून एक चक्कर मारली, काटा चाळीसच्या वर गेलाच नाही, आणि उतरून निकाल दिला, "गाडीला काही झालेलं नाही वहिनी. तुमचा पाय क्लचवरून उठत नाही."

मला बोलता आले असते तर मी तिथेच ओरडले असते. दुखणे माझे आणि बोल मात्र ताईंना.

तरीही त्यांनी मला टायरवाल्याकडे नेले. त्याने चाके यंत्रावर फिरवून शिशाचे चिमुकले तुकडे लावले, म्हणजे चाकांचा तोल साधला. आठ दिवस थरथर जरा कमी वाटली, मग होती तशीच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने इंजिनाखालचे रबर बदलले. त्यानेही काही झाले नाही. टायर कोणी नीट पाहिलेच नाहीत, कारण त्यांची नक्षी शाबूत होती. मी चाललेच कुठे होते ती झिजायला?

हळूहळू ताईंनाही वाटू लागले की आपल्यालाच जमत नाही. त्या पन्नासच्या वर जाईनाशा झाल्या. मागचे हॉर्न वाजवू लागले की बाजूला थांबायच्या. शेवटी त्यांनी माझ्यावर आवरण घातले. लेकीचे बाळ दीड महिन्याचे झाले होते. शुक्रवारी दीरच मला घेऊन जातील आणि दोघांना आणतील असे ठरले. दीर भरधाव जाणारे.

बुधवारी सकाळी आवरण निघाले आणि ताई स्वतः आत बसल्या. यजमान मागोमाग आले, कुठे निघालीस म्हणून विचारू लागले. तेव्हा ताईंनी सांगितले की शिवता शिवता त्यांचे मशीन थरथरू लागले, आणि हात आपोआप थांबला. चाकाचा पट्टा सैल झाला होता. "मशीन हललं तर मी स्वतःला दोष देत नाही, मशीन उघडून बघते. मग गाडीच्या बाबतीतच मी का गप्प बसले?"

लाकडाच्या वखारींमागे गाड्या दुरुस्त करणारे एक वयस्कर मिस्त्री होते, त्यांच्याकडे ताई मला घेऊन गेल्या. त्यांनी माझे बॉनेट उघडलेच नाही. आधी प्रश्न विचारले. ताईंनी मापांची वही काढली. तिच्यात सगळे टिपून ठेवले होते: साठला सुरू, ऐंशीला बंद. ब्रेक लावला तरी फरक नाही. गिअर काढून गाडी नुसती वाहू दिली तरी तेवढीच.

मिस्त्रींनी ते दोनदा वाचले. "म्हणजे संशयातून इंजिन सुटलं, ब्रेकही सुटले," ते म्हणाले. "चला, तुम्हीच चालवा. मी शेजारी बसतो."

इतक्या दिवसांत ताईंनाच चालवू द्या, असे म्हणणारे ते पहिलेच. मोठ्या रस्त्यावर मी थरथरले तेव्हा मला लाज नाही वाटली, उलट हायसे वाटले. पाहा, मी जणू सांगत होते, नीट पाहा. मिस्त्रींनी ताईंच्या पायांकडे एकदा पाहिले आणि पुन्हा तिकडे बघितलेसुद्धा नाही.

परत आल्यावर त्यांनी पुढचे उजवे चाक काढून तिथे डिकीतले जादा चाक चढवले. चक्कर मारली. थरथर तशीच. मग उजवे जागेवर बसवून डावे बदलले. काटा साठ, पासष्ट, सत्तर. ताईंनी श्वास धरून ठेवला होता. स्टिअरिंग भरल्या घागरीतल्या पाण्यासारखे स्थिर होते.

"थांबली," ताई म्हणाल्या.

काढलेल्या डाव्या चाकाजवळ मिस्त्रींनी खडू धरला आणि चाक हळू फिरवले. खडू सगळीकडे सुटून एकाच जागी टेकला. तिथे, आतल्या बाजूला, लिंबाएवढा फुगवटा होता. टायर वर्षानुवर्षे उन्हात उभा राहून आतून विरला होता. नक्षी नवी आणि हाडे जुनी. तोलाच्या यंत्राने वजन मोजले, आकार पाहिला नाही.

मिस्त्री म्हणाले, "वेगात फुटला असता तर गाडी हातात राहिली नसती. तुम्ही हळू चालवलंत, तेच बरं केलंत."

ताई तिथल्याच एका स्टुलावर बसल्या. शुक्रवारी या चाकावर कोण कोण बसणार होते, हे त्यांच्या मनात आले असावे.

संध्याकाळी दीर आले. त्यांनी त्या फुगवट्यावर हात फिरवला आणि बराच वेळ काढला नाही. आपण त्या दिवशी चाळीसच्या पुढे गेलोच नव्हतो, हे त्यांनी आपणहून कबूल केले. मग म्हणाले, "शुक्रवारी तुम्हीच जा वहिनी. मला जमलं तर मागे बसेन."

चारही टायर नवे घालून आम्ही शुक्रवारी निघालो. सत्तरला ताईंनी सवयीने मुठी आवळल्या. काही झाले नाही. पंच्याहत्तरला यजमानांनी खिडकीवरची मूठ सोडली आणि ते चक्क गुणगुणू लागले. परतीच्या वाटेवर ते बाळ तीन तास मागच्या सीटवर आईच्या कुशीत झोपले होते. त्याची झोप मोडली नाही, याचे मला जेवढे समाधान आहे तेवढे कोणत्याच कौतुकाचे नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर तिला धुवा, पुसा, त्याने आम्हाला बरे वाटते. पण मोठ्यांना सोबत घेऊन अधूनमधून चाकांच्या आतल्या बाजूनेही हात फिरवा. टायर कधीचा आहे ते पाहा. आम्हाला उन्हात वर्षानुवर्षे उभे करू नका. आणि गाडी थरथरते असे चालवणारा सांगत असेल, तर त्याचे पाय बघण्याआधी त्यालाच चालवायला बसवा आणि शेजारी बसून एक चक्कर मारा.