अकराव्या पानावरची चूक

“नऊ वर्षांत या बाईंनी काहीच केलेलं नाही, ताई,” मालक कागद परत देत म्हणाला. एकोणतिशीचा पोरगा, पण सात माणसांच्या कंपनीचा मालकच.

लोकांचे निरोप तिऱ्हाइताला वाचता येऊ नयेत म्हणून ती कंपनी गणिताची कुलुपं बनवत असे. ती पारखणारं माणूस काही केल्या मिळेना. शोधायचं काम ताईंचं. त्यांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, माणसं कळायची.

“काहीच कसं नाही? वडिलांना सांभाळलंय,” ताई म्हणाल्या आणि पत्ता घेऊन निघाल्या.

दार उघडणाऱ्या बाईच्या हातांना साबणाचा फेस होता. एके काळी विद्यापीठात हिचा प्रबंध गाजला होता. आत तिचे वडील एकच मोजा पुन्हा पुन्हा घालत-काढत बसले होते.

“मी विसरले हो सगळं. तुम्हाला उगाच हेलपाटा.”

“असू दे. चहा तरी द्याल?”

निघताना ताईंनी नव्या कुलुपाचा मसुदा तिच्यापुढे ठेवला. मालकाला विचारूनच आणला होता.

चौथ्या दिवशी फोन आला. “अकराव्या पानावर चूक आहे. तिथून कुलूप उघडतंय.” फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “ताई, मला अजून येतंय हो.”

मालकाने ते पान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “उद्यापासूनच बोलवा त्यांना!”

पण ती यायला तयार होईना. “बाबा मला ओळखत नाहीत, पण मी दिसले नाही की घाबरतात. त्यांना टाकून कशी येऊ?”

एखादा मसुदा ठीक, पण रोजचं काम घरी पाठवायची सोय नव्हती, गुपितांचाच धंदा. ताई मालकासमोर खुर्ची ओढून बसल्या.

“मग काकाही येतील.”

“ऑफिस आहे हे, ताई!”

“अकरावं पान कोणी दाखवलं रे तुला?”

मालकाने उठून ताईंच्या टेबलाशेजारी आणखी एक खुर्ची सरकवली.

सोमवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताईंनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं. समोर लेक फळ्यावर लिहीत होती आणि तिच्या निम्म्या वयाची चार पोरं वह्या उघडून उभी होती. काका कितीतरी वेळ बघत राहिले. मग ताईंकडे झुकून म्हणाले, “फार हुशार आहेत हो त्या बाई. कोणाची मुलगी?”

“तुमचीच, काका.”

“छे हो!” काका हसले. “माझी अजून फ्रॉकमध्ये आहे.” जरा थांबून ते हळूच म्हणाले, “पण गणित तिलाही आवडतं.”

फळ्यावरचा हात थांबला. तिने मागे वळून पाहिलं नाही. पोरं वाट पाहत उभी राहिली. मग तिने पुढची ओळ लिहिली. जराशी वाकडी, पण बरोबर.