निर्जळी मनकर्णा

उंद्रीच्या अर्जुनरावाचं डोकं म्हणजे दगड. एकदा म्हटलं की म्हटलं, मग देव आला तरी ऐकायचा नाही. त्याची बहीण मनकर्णा अन्नपाण्यावाचून जगते अशी बातमी वऱ्हाडभर झाली. मध्यप्रांतातले लोकसुद्धा आगगाडीनं नांदुऱ्याला उतरून, बैलांच्या दमण्या करून तिच्या सासरी पाया पडायला जाऊ लागले. गाव म्हणालं, "नशीबवान हायेस बाप्पा, देवीचा भाऊ झालास." अर्जुनराव पचकन थुंकला.

"देवी म्हणे! अबे, माही बहीण हाय थे. भाकर टोपल्यात पडाच्या आधी तव्यावरून ओढून खात होती. थे काय उपाशी राहीन?"

आईमागं त्यानंच तिला कडेवर वागवलं होतं. मनकर्णाचा नवरा प्लेगात गेला आणि तेराव्याला तिनं अन्नपाणी सोडून देवघरात बैठक मारली. त्याला वर्ष होत आलं होतं. अर्जुनरावाच्या मनानं एकच घेतलं: सासरचे तिला चोरून खाऊ घालतात आणि लोकांपुढं मांडून बसवतात. ढोंग उघडं पडलं की बहीण मोकळी. तिला दमणीत घालायचं, उंद्रीला आणायचं आणि आपल्या चुलीपुढं पोटभर जेवू घालायचं. एवढंच त्याला हवं होतं, दुसरं काही नाही.

चैत्रात तो तिच्या सासरी गेला. ऊन नुसतं पेटलेलं. सासू गोजरबाईची पूजा नुकतीच आटोपली होती. बाळकृष्णापुढं मनकर्णा बसली होती. वाळली होती बिचारी, पण चेहरा टवटवीत. "आलास दादा?" म्हणून हसली. गोजरबाईनं तिला तीर्थ दिलं, मग ह्याच्या हातावरही पळीभर घातलं. ते त्यानं पिऊन हात डोक्यावरून फिरवला आणि मग भांडायला उभा राहिला.

"मावशी, खरं सांगा. तिले कोण खाऊ घालते?"

"कोणीच नाई रे बाप्पा. ह्या देवाची आण."

"मंग मी पायतो. देवघराले कुलूप लावतो. कोणी आत जायाचं नाई, तुमीबी नाई. दाराशी मी बसतो. खोटं निघालं तं बहीण घरी नेतो."

"अन् खरं निघालं तं?"

"तं जन्मभर तिचे पाय धुईन."

मनकर्णाला विचारलं. ती म्हणाली, "बस ना दादा. मले कायचं भेव? मी कुठी काई खाऊन राह्यली?" तिच्या तोंडावर खोट्याचा मागमूस नव्हता. त्यानंच तो जास्त चिडला. पोरीला पढवून ठेवलंय मेल्यांनी!

नांदुऱ्याचे धान्याचे व्यापारी अब्दुल गनी, दोन्ही घरांच्या भरवशाचा माणूस. त्यांना बोलावून किल्ली त्यांच्याकडे दिली, आणि तेही दाराशी बसले. अर्जुनरावानं स्वतः पाण्याचा माठ भरून आत ठेवला, वर भाकरीचं टोपलं ठेवलं. बहिणीच्या कानाशी लागून म्हणाला, "तहान लागली तं पेऊन घेजो व. कोणी पाहत नाई." आणि कुलूप घातलं.

पहिल्या दिवशी आतून ओव्या ऐकू आल्या. आईच्याच ओव्या होत्या त्या. अर्जुनराव मिशीत हसला. उद्या मागते का नाही, पाहाच! दुसऱ्या दिवशी आवाज कोरडा पडला.

"मनू, पाणी पे."

"पाणी सोडलं ना दादा मी."

"अवं, माठ शेजारी हाय."

गनीभाईंनी किल्ली काढली. "अर्जुनराव, दरवाजा खोलू. आमच्या रोज्यातबी सांजेले पाणी भेटते. ही आवाज मले बरी वाटून नाई राह्यली."

अर्जुनराव उठून कुलपाशी गेला. पण तो म्हणाला, "आज खोललं तं हे लोक तिले जन्मभर इथंच बसवतील. एक रोज कळ काढा, गनीभाई. एकच रोज." जळो तो हट्ट! त्या एका रोजानं घात केला.

तिसऱ्या सकाळी हाक मारली तर ओ आली नाही. तेवढ्यात गोजरबाई डोळे पुसत आली. ती रडत होती देवासाठी. "अर्जुनराव, देव पारोसा बसला हाय हो. त्याले आंघोळ तं घालू द्या. अन् मनकर्णेचंबी तीर्थ चुकलं."

"तिचं तीर्थ?"

"सकाळ-सांज गडवाभर घेते नं थे. देवाचं असते, त्याले नाई म्हणता येते काय?"

गनीभाईंनी विचारलं, "गडव्यात काय राहते, अम्मा?"

"दूध, दही, तूप, मध, साखर. केळं कुस्करून. अन् देवाच्या न्हाणाचं पाणी."

गनीभाई ताडकन उठले. "या अल्ला! मंग तं थे रोज जेवत होती."

"इश्श! तीर्थ काय जेवण हाय?" गोजरबाई कळवळून म्हणाली. "एकादशीले तुमीबी घेता, अर्जुनराव. उपास मोडते काय?"

नाही मोडत. अर्जुनरावालाही तसंच वाटत आलं होतं. परवा त्याच्या डोळ्यांदेखत तिनं घेतलं होतं, त्यानंही घेतलं होतं, आणि ते त्यानं खाण्यात धरलंच नव्हतं. तो चोर धरायला बसला होता. चोर कुणीच नव्हता.

दार उघडलं. मनकर्णा देवापुढं आडवी झाली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. माठ काठोकाठ तसाच. अर्जुनरावानं पेला भरून तिच्या ओठांना लावला. तिनं मान फिरवली. "पाणी नाई, दादा."

मग त्या दगडाला घाम फुटला. त्यानं बाळकृष्ण उचलला, पारोसाच, आंघोळ नाही, मंत्र नाही. माठातलं पाणी त्यावर ओतलं आणि ताम्हनातून तिच्या तोंडाशी नेलं. "मनू, तीर्थ घे. तीर्थ हाय हे."

तिनं लगेच आ केला. लहानपणी त्याच्या हातून घास घेताना करायची तसा. पाणी आत गेलं आणि ओठाच्या कडेनं बाहेर आलं. त्यानं पुन्हा घातलं. पुन्हा बाहेर आलं. "गीळ व माय, गीळ!" तो ओरडत होता. गळ्याखाली काही उतरत नव्हतं. दुपार व्हायच्या आत ती गेली.

आणि मग काय झालं? मनकर्णाची समाधी झाली! लोक म्हणाले, सख्खा भाऊ दाराशी, किल्ली परक्या धर्माच्या माणसाकडे, माठ काठोकाठ. ह्याहून मोठा पुरावा कोणता? अर्जुनराव छाती बडवून सांगे, "खात होती हो थे! म्हणून जगली. मी बंद केलं म्हणून मेली." लोक हसून हात जोडत. "तीर्थाले खाणं म्हणता काय, भाऊ?" गनीभाईंनी बाजारात सांगून पाहिलं. त्यांना म्हणत, तुम्हाला आमच्या देवातलं काय कळतं.

उंद्रीला त्याचं मन लागेना. जेवायला बसलं की बंद दारामागून कोरडी ओवी ऐकू येई, आणि हातातला घास तसाच राही. शेवटी तो समाधीपाशीच जाऊन बसू लागला. येईल त्याला खरं सांगायचं, एवढ्यासाठी.

एकदा एक बाई आली. तिनं तान्हं लेकरू त्याच्या पायावर घातलं. "भाऊ, तुमी सोता पाह्यलं नं? तिनं काईच खाल्लं नाई?"

अर्जुनरावानं नेहमीचं सांगायला तोंड उघडलं. कानात ओवी सुरू झाली होती. त्यानं लेकरू उचलून तिच्या हातात दिलं.

"हाव," तो म्हणाला. "माह्या पहाऱ्यात तिनं काईच खाल्लं नाई."

बाईनं समाधीवर डोकं टेकवलं.